मन ऐकण्याचा परवाना

कायद्यांची परिशिष्टं सहसा कुणी वाचत नाही. पण २०२१ साली संसदेने केलेल्या एका कायद्याच्या परिशिष्टातला सातवा गट चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाने एकदा तरी वाचावा. कायद्याचं नाव लांबलचक आहे: राष्ट्रीय सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा. डॉक्टर, दंतवैद्य, परिचारिका, औषधनिर्माते यांच्या परिषदा आधीपासून होत्या. त्यांच्याबाहेर राहिलेले ५६ व्यवसाय या कायद्याने दहा गटांत बसवले. क्ष-किरणवाले एका गटात, फिजिओथेरपिस्ट दुसऱ्यात, चष्म्याचा नंबर काढणारे तिसऱ्यात. सातव्या गटात मात्र भलतीच पंगत बसली आहे. तिथे इकॉलॉजिस्ट आहे, म्हणजे जंगल, जनावर आणि माणूस यांच्या नात्याचा अभ्यासक. कामाच्या जागी आरोग्य आणि सुरक्षा तपासणारा निरीक्षक आहे. गावोगाव फिरणारा आरोग्य प्रसारक आहे. आणि याच पंगतीत मानसशास्त्रज्ञ आहे.

दिल्लीत हा गट जुळवणाऱ्यांच्या मनात ताडोबा असण्याची शक्यता शून्य. पण वाचताना वाटतं, कुणीतरी चंद्रपूर जिल्हा समोर ठेवूनच लिहिलंय. कोळसा खाणी आणि औष्णिक वीज केंद्राचं शहर, त्याला लागून वाघाचं जंगल, आणि एप्रिल-मेमध्ये मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला पहाटेच जंगलात शिरणारी ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावलीकडची माणसं. वाघाने एखाद्या बाईला नेलं की वनखातं येतं, पंचनामा होतो, कॅमेरे लागतात, पुढे नुकसानभरपाईचं प्रकरण चालतं. वाघाचं काय करायचं याची ठरलेली पद्धत आहे. पण शेजारच्याच झाडाखाली पानं तोडत असलेली आणि सगळं डोळ्यांनी पाहिलेली दुसरी बाई? ती पुढच्या हंगामात जंगलात जाऊ शकते का, रात्री झोपते का, हे कुणी विचारायचं? विचारणाऱ्याला काय यायला हवं? आणि त्याला ते येतं, हे त्या बाईने कशावरून ओळखायचं?

मानसशास्त्रज्ञाच्या परवान्याचा सगळा खटाटोप या शेवटच्या प्रश्नासाठी आहे. गवंड्याचं काम भिंतीत दिसतं. मन ऐकणाऱ्याचं काम दिसत नाही. चुकलं तर दोष बहुतेक वेळा रुग्णाच्याच माथी जातो, ‘हिचं मनच कमकुवत’ म्हणून. म्हणून कुणीतरी तिसऱ्याने आधीच तपासून सांगावं लागतं की या माणसापुढे बोलायला हरकत नाही.

जगालाही हे फार उशिरा सुचलं. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञांसाठी पहिला कायदा कनेक्टिकट राज्याने १९४५ मध्ये केला, आणि शेवटचं राज्य मिसुरी, ते आलं १९७७ मध्ये. ब्रिटनमध्ये ही नोंदणी कायद्याने सक्तीची व्हायला २००९ उजाडलं. त्या मानाने आपण मागे नव्हतो, फक्त आपली वाट वेगळी होती. आपल्याकडे मानसशास्त्रज्ञाची नोंदणी अपंगत्वाच्या दारातून आली. १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेला अधिकार मिळाले. कृत्रिम पाय बनवणारे, श्रवणतज्ज्ञ, विशेष शिक्षक यांच्यासोबत क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचीही नोंद केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत होऊ लागली. नोंदणीशिवाय काम केलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजार रुपये! आज एका सत्राची फीसुद्धा मोठ्या शहरात त्याहून जास्त असते.

पण या कायद्याची पकड एवढ्याच एका पदापुरती. मानसशास्त्रात एम.ए. केलेल्या, नुसता डिप्लोमा केलेल्या, किंवा काहीच न केलेल्या माणसाने ‘समुपदेशन केंद्र’ अशी पाटी लावली, तर त्याला विचारणारं कुणी नव्हतं. २०२१ चा कायदा नेमका या मोकळ्या जागेत आला. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट पुनर्वास परिषदेकडेच राहिले, बाकीचे मानसशास्त्रज्ञ, वर्तन-विश्लेषक, समुपदेशक आणि मानसिक आरोग्य सहायक नव्या आयोगाच्या कक्षेत आले. एक मन, दोन नोंदवह्या, आणि दोन्हींची मंत्रालयंही वेगळी: एकीकडे सामाजिक न्याय, दुसरीकडे आरोग्य. सरकारी कारभाराची ओळख असलेल्या वाचकाला याचं आश्चर्य वाटणार नाही.

तारखांचा एक योगायोग मात्र मला दर वेळी थबकवतो. देशाचा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम राबवावा, अशी शिफारस केंद्रीय आरोग्य परिषदेने केली ती १८ ते २० ऑगस्ट १९८२ च्या बैठकीत. आणि चंद्रपूरपासून वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा जन्माला आला २६ ऑगस्ट १९८२ रोजी. आठवडाभराच्या अंतराने. दोघांचं वय एकच, आणि बराच काळ एकमेकांशी गाठ पडली नाही हेही खरंच. त्या कार्यक्रमाने जिल्ह्यांची वाट धरली ती १९९६ नंतर, तीही एकेक करत. गडचिरोलीच्या गंभीर मनोरुग्णाला तोवर एकच मोठा पत्ता होता, नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय. गडचिरोली शहरापासून ते पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. भामरागडहून निघायचं तर आधी गडचिरोली गाठण्यातच तेवढं अंतर, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावरून वाहू लागली की निघणंच नाही.

परवाना मिळवण्याआधी शिकायचं तरी काय असतं? ऐकून घेणं सगळ्यांनाच येतं, असं आपण समजतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचा जुना, कसाला लागणारा रस्ता असा होता: एम.ए., त्यावर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल., तेही रुग्णालयाच्या वॉर्डात, अनुभवी माणसाच्या नजरेखाली. बंगळूरला या धाटणीचा पदविका अभ्यासक्रम १९५५ मध्ये सुरू झाला, रांचीला १९६२ मध्ये. तिथे शिकवलेल्या गोष्टींमधली सगळ्यात मोलाची म्हणजे कधी थांबायचं आणि कुणाकडे पाठवायचं.

गडचिरोलीतलंच उदाहरण घ्या. महाराष्ट्रातल्या मलेरियाचा मोठा भार या जिल्ह्यावर आहे. फाल्सिपेरम जातीचा मलेरिया मेंदूत गेला की माणूस असंबद्ध बोलतो, ओळखीच्यांना ओळखत नाही, अंगावर धावून जातो. गावाच्या नजरेला ते अंगात येणं दिसू शकतं आणि गाव पुजाऱ्याला बोलावतं. अर्धवट शिकलेल्या समुपदेशकाला तोच मानसिक आजार वाटू शकतो. दोघांच्याही हातून वेळ जाते, आणि या आजारात तास मोजावे लागतात. शिकलेला मानसशास्त्रज्ञ आधी विचारेल, ताप होता का, रक्त तपासलं का. थायरॉइडचा विकार उदासीनतेचं सोंग घेतो, फिट्स अंगात आल्यासारख्या दिसतात, दारू अचानक सुटली की तिसऱ्या दिवशी भास होतात. मनावर काम करण्याचा परवाना हवा, तर आधी शरीराला दोषमुक्त करता यावं लागतं. मला हे कळलं तेव्हा त्या दोन वर्षांबद्दलचा माझा आदर एकदम वाढला.

दुसरी गोष्ट चाचण्यांची, आणि इथे मराठी माणसाने कान टवकारावेत. मुलाची बुद्धी मोजायची पहिली व्यवहारी चाचणी पॅरिसच्या आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये बनवली. १९१६ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात तिचं नवं रूप तयार झालं. तिथून ती आली धारवाडला. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात मराठी आणि कन्नड मुलांवर ती बेतून घेतली. बिने-कामत चाचणी या नावाने ती आजही आपल्या रुग्णालयांत वापरली जाते. बौद्धिक अक्षमतेचं प्रमाणपत्र मिळवायचं तर अशा चाचणीचा आकडा लागतो, आणि तो आकडा लिहिणारा माणूस प्रशिक्षित लागतो. दिव्यांग हक्क कायद्यानुसार बहुतेक सवलतींची रेघ ४० टक्क्यांवर आहे. म्हणजे कोरचीतल्या एखाद्या आईला मुलासाठी मदत मिळणार की नाही, हे एका टेबलावर तासाभरात ठरतं.

आता त्या टेबलापलीकडे एक माडिया आदिवासी मूल बसवा. घरात माडिया, बाजारात थोडी मराठी, शाळेत पुस्तकी मराठी. चाचणीच्या मुळाशी पॅरिसचं मूल, त्यावर कॅलिफोर्नियाचं, त्यावर नव्वद वर्षांपूर्वीचं धारवाडचं. प्रश्न मुलाला अडला की भाषा अडली? त्याने हातातला ठोकळा ठेवून दिला तो कळलं नाही म्हणून, की अनोळखी माणसापुढे गप्प बसायचं असं घरी शिकवलंय म्हणून? आकडा कोणीही काढील. या आकड्यावर विश्वास ठेवू नका, दुसऱ्या मार्गाने बघा, आईला विचारा मूल गुरं एकटं नेतं का, बाजारात सुटे पैसे परत आणतं का, असं म्हणायला मात्र शिक्षण लागतं आणि ते कागदावर लिहायला अधिकार लागतो. परवान्यात खरं वजन याचं आहे.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने या अधिकाराला राज्याचा शिक्का जोडला. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाने क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मानसिक आरोग्य परिचारिका आणि मनोसामाजिक कार्यकर्ते यांची नोंद करायची, यादी जाहीर करायची, आणि सगळ्या राज्यांच्या याद्या मिळून केंद्राची एक यादी व्हायची. राज्यांच्या सीमा मनाला लागू होत नाहीत, ही अडचण अमेरिकेने फार सोसली. एका राज्याचा परवाना दुसऱ्यात चालत नाही, रुग्ण घर बदलून पलीकडे गेला की उपचार तुटतो. शेवटी राज्याराज्यांत करार करावे लागले. सिरोंचाच्या माणसाला हे कुणी समजावून सांगायला नको. त्याच्यासमोर प्राणहिता-गोदावरी, पलीकडे तेलंगणातलं कालेश्वरम. घरात तेलुगू, नाती पलीकडे, आणि जिल्ह्याचं ठिकाण मात्र जंगलातून दिवसभराच्या प्रवासावर. केंद्राची एकत्र यादी कुणासाठी खरोखर उपयोगाची असेल, तर ती अशा काठावरच्या गावांसाठी.

इथपर्यंत नियम निदान स्थिर होते. गेल्या तीन-चार वर्षांत मात्र पायाखालची जमीन सरकली. नव्या शैक्षणिक धोरणाने एम.फिल. ही पदवीच मोडीत काढली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनी ती बंद झाली. डिसेंबर २०२३ मध्ये आयोगाने विद्यार्थ्यांना बजावलं की एम.फिल.ला प्रवेश घेऊ नका. मग लक्षात आलं, की मनोरुग्णांवर काम करण्याचा देशातला मुख्य परवानाच या पदवीवर टांगलेला आहे! जानेवारी २०२४ मध्ये घाईने खुलासा निघाला: क्लिनिकल सायकॉलॉजी आणि मनोसामाजिक कार्य या दोनच विषयांत एम.फिल. २०२५-२६ पर्यंत चालेल. दरम्यान पुनर्वास परिषदेने बारावीनंतरच्या चार वर्षांच्या ऑनर्स पदवीपासून सुरू होणारी नवी शिडी उभी केली. भाषा-इतिहासाच्या एम.फिल.साठी काढलेला फतवा मनोरुग्णालयाच्या वॉर्डात जाऊन लागला, याचं हसू येतं आणि धडकीही भरते.

दुसरा बदल वनजिल्ह्यांच्या जास्त जिव्हारी लागणारा आहे. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे अभ्यासक्रम दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने शिकवायला बंदी आली. कारण सरळ आहे: नव्या कायद्याप्रमाणे ‘आरोग्यसेवा व्यावसायिक’ व्हायचं, तर किमान ३६०० तासांचं, तीन ते सहा वर्षांत पसरलेलं शिक्षण लागतं, ‘सहयोगी’ व्हायला २००० तास. पोस्टाने आलेली पुस्तकं वाचून वॉर्डातले तास भरत नाहीत, हे मान्यच आहे. पण एटापल्लीत अंगणवाडी किंवा आश्रमशाळेत नोकरी करता करता ‘इग्नू’तून मानसशास्त्रात एम.ए. करणाऱ्या बाईचा रस्ताही त्याच फटक्यात बंद झाला. ३६०० तास म्हणजे रोजचे सहा धरले तर ६०० दिवस. ते घराबाहेर, बहुधा नागपुरात काढायचे. जिच्याकडे माडिया भाषा आहे तिच्याकडे ६०० दिवस नाहीत, आणि ज्यांच्याकडे ६०० दिवस आहेत त्यांना माडिया येत नाही. माझ्या मते या बंदीत हेतू शुद्ध आहे आणि नकाशा विसरलेला आहे.

गंमत अशी, की ‘कोणाला काय करू द्यायचं’ या प्रश्नावर जगाला नवं उत्तर देणारा जिल्हा गडचिरोलीच आहे. विषय मनाचा नव्हता, नवजात बाळांचा होता. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने १९९० च्या दशकात इथल्या ३९ गावांत पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत केलं. बाळाचा श्वास मोजायचा, वजन बघायचं, जंतुदोष ओळखायचा, आणि गरज पडली तर जेंटामायसिनचं इंजेक्शनही द्यायचं. इंजेक्शन! डॉक्टरच्या परवान्याचं ते ठळक चिन्ह. वैद्यकीय वर्तुळात भुवया उंचावल्या. पण १९९३-९५ मध्ये हजारी ६२ असलेला त्या गावांतला नवजात मृत्युदर १९९७-९८ मध्ये साडेपंचवीसवर आला, आणि तुलनेच्या गावांत तो साठाच्या घरातच रेंगाळत राहिला. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हे छापलं. २०११ पासून घरोघरच्या नवजात काळजीचा हा विचार देशभरच्या आशा कार्यकर्त्यांच्या कामात आला.

मनाच्या बाबतीत असं जमेल का? गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने हे करून पाहिलं. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून, तीव्र उदासीनतेच्या रुग्णांशी सहा ते आठ भेटींत बोलायला लावलं. भर एकाच गोष्टीवर: सुटलेली कामं, तुटलेले संबंध पुन्हा हळूहळू हाती घ्यायचे. तीन महिन्यांनी अशा भेटी मिळालेल्यांपैकी ६४ टक्के आजारातून बाहेर होते, न मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. विदर्भात अमरावती जिल्ह्याच्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्प झाला. सुरुवातीला उदासीनतेच्या शंभर रुग्णांपैकी जेमतेम चार जणांनी कुणाकडे तरी मदत मागितलेली होती. दीड वर्षाने हा आकडा सत्तावीसवर गेला.

मग परवाना फुकाचा? अजिबात नाही, आणि या प्रयोगांतला सगळ्यात विस्मयाचा भाग हाच आहे. आरोग्यदूताच्या मागे तिचं काम गावात येऊन तपासणारे पर्यवेक्षक होते. गोव्यातल्या समुपदेशकांच्या भेटी ध्वनिमुद्रित व्हायच्या, एकत्र बसून ऐकल्या जायच्या, गुण दिले जायचे, कुठे घाई केली, कुठे उपदेश केला, हे तोंडावर सांगितलं जायचं. कागदी परवान्याच्या जागी रोजची राखण होती, आणि राखण करणाऱ्यांच्या साखळीच्या टोकाला प्रशिक्षित, नोंदणीकृत माणूस होताच. शंभर गावांना शंभर मानसशास्त्रज्ञ मिळणार नाहीत. पण शंभर गावांतल्या शंभर जणींचं ऐकून, चुका दाखवून देणारी दोन-तीन माणसं मिळू शकतात. नियम लिहिणाऱ्यांनी खरं तर त्या दोन-तिघांचा परवाना आधी लिहायला हवा होता. पर्यवेक्षण कुणी करायचं, किती तास, फोनवरून चालेल का, त्याची जबाबदारी कुणावर, हे प्रश्न ‘किती वर्षांची पदवी’ यापेक्षा अवघड आहेत, म्हणून ते मागे पडतात.

आणि मागणी थांबून राहिलेली नाही. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिले, की १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडून घ्यावं. गडचिरोली, अहेरी, भामरागड, चंद्रपूर, चिमूर या आदिवासी विकास प्रकल्पांमधल्या निवासी आश्रमशाळा डोळ्यांसमोर आणा. सहा-सात वर्षांची मुलं घर सोडून तिथे राहतात. घराची सगळ्यात जास्त आठवण येते ती दिवे मालवल्यावर, तेव्हा समुपदेशकाची वेळ संपलेली असते. फोनवर ‘टेली मानस’ची १४४१६ ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे, मराठीत आहे, तेलुगूत आहे, आणि मुलचेरा-चामोर्शीकडच्या बंगाली कुटुंबांना बंगालीतही आहे. ती उत्तमच. पण अंथरुणात रडणाऱ्या दुसरीतल्या मुलाकडे फोन नसतो.

नव्या कायद्यातली एक तरतूद मला मनापासून आवडते. त्याने एचआयव्ही समुपदेशक, कुटुंब नियोजन समुपदेशक, विशिष्ट आजारांचे समुपदेशक यांना नावानिशी व्यवसाय म्हणून ओळख दिली. उपजिल्हा रुग्णालयाच्या टोकाच्या खोलीत, कंत्राटी पगारावर, दिवसभर लोकांना आयुष्यातली सगळ्यात वाईट बातमी सांगणारी ही माणसं. सिकलसेलचं कार्ड हातात देताना लग्नाळू मुलाला काय सांगायचं, त्याची होणारी बायकोही वाहक असेल तर काय, आईला अपराधी न वाटू देता आनुवंशिकता कशी समजवायची, हे गडचिरोलीत रोज कुणीतरी करतं. पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत त्यांना जागा नव्हती. आता परिशिष्टात आहे.

एका कायद्याने स्वतःला एक मुदतही घालून घेतली आहे, आणि ती फारशी कुणाच्या लक्षात नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा अमलात आला २९ मे २०१८ रोजी. त्यात म्हटलंय, लोकसंख्येच्या प्रमाणात मानसिक आरोग्य व्यावसायिकांची आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य असलेली संख्या गाठण्यासाठी सरकारने दहा वर्षांत प्रयत्न करावेत. म्हणजे मे २०२८. जंगलाच्या बाजूने त्यासाठी एकच गोष्ट नव्याने झाली आहे: चंद्रपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१५ पासून होतं, गडचिरोलीला ते २०२४ मध्ये मिळालं. वैद्यकीय महाविद्यालयाला मानसोपचार विभाग ठेवावाच लागतो. वॉर्ड आला, तर पर्यवेक्षणाखालचे तास जिल्ह्यातच मोजता येतील. आयोगाने आणि परिषदेने ते तास तिथे मोजायची परवानगी द्यायची, की एटापल्लीच्या मुलीला नागपूरची गाडी धरायला लावायची, एवढंच आता ठरायचं आहे.